फेरारी एफ३५५: दुरुस्तीचं बिल नेमकं कुठे वाढतं

जुनी फेरारी एफ३५५ घ्यायची असेल तर रंग, किलोमीटर आणि आतलं लेदर पाहण्याआधी एक गोष्ट विचारावी. इंजिन शेवटचं कधी खाली उतरवलं होतं, आणि ते खाली असताना काय काय बदललं? या गाडीच्या दुरुस्तीचा जवळजवळ सगळा हिशोब या उत्तरावर ठरतो. सुटे भाग महाग आहेतच, पण बिल खऱ्या अर्थानं फुगतं ते मजुरीमुळे. दोन रबरी पट्टे बदलण्यासाठी अख्खं इंजिन गाडीच्या पोटातून बाहेर काढावं लागतं. हे एकदा नीट समजलं की कुठल्या कामाला किती पैसे लागतील आणि कुठलं काम कशासोबत उरकून घ्यावं, याचा अंदाज घरबसल्याही करता येतो.

आधी गाडीची ओळख. एफ३५५ १९९४ ते १९९९ या काळात तयार झाली. तिच्याआधी ३४८ होती आणि नंतर ३६० मोडेना आली. बंद छताची बर्लिनेटा, काढता येणाऱ्या छताची जीटीएस आणि कापडी हुडची स्पायडर या तिन्ही मिळून ११ हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या. इंजिन ३,४९६ सीसीचं व्ही८, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह (तीन इनलेट, दोन एक्झॉस्ट), टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, ड्राय संप (ऑइल इंजिनाच्या तळाशी न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवण्याची रचना) आणि ८,२५० आरपीएमला ३८० अश्वशक्ती. टर्बो नसलेल्या इंजिनातून लिटरमागे १०८-१०९ अश्वशक्ती काढणं त्या काळात फार मोठी गोष्ट होती. त्यासाठी धातू, उष्णता आणि वेग यांच्याकडून जेवढं काढून घेता येईल तेवढं घेतलं आहे. पुढे जे दोष येतात, त्यातले बरेच इथूनच सुरू होतात.

खाली दिलेल्या किमती अमेरिकन डॉलरमध्ये आहेत. फेरारीचंच काम करणाऱ्या तिथल्या स्वतंत्र गॅरेजांमध्ये जे घेतात, त्याचा तो ढोबळ पल्ला आहे. अधिकृत डीलरकडे आकडा यापेक्षा वर जातो. डॉलरपेक्षा कामाचे तास लक्षात ठेवणं जास्त उपयोगाचं, कारण तास सगळीकडे साधारण तेवढेच लागतात आणि दर तेवढा जागेप्रमाणे बदलतो.

इंजिन उतरवायचं म्हणजे काय

एफ३५५चं इंजिन आसनांच्या मागे लांबीच्या दिशेनं उभं बसवलेलं आहे. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट क्रँकच्या जोरावर फिरवणारे रबरी पट्टे) त्याच्या पुढच्या बाजूला, म्हणजे केबिनच्या भिंतीला लागून आहेत. भिंत आणि पुली यांच्यामध्ये नीट काम करता येईल इतकी जागा नाही. आधीच्या ३२८मध्ये इंजिन आडवं होतं, त्यामुळे बेल्ट गाडीतच बदलता यायचे. नंतरच्या ३६०मध्ये आसनांच्या मागे झाकण दिलं, तिथून हात घालता येतो. मधल्या ३४८ आणि ३५५ या दोघींच्या वाट्याला मात्र इंजिन उतरवणं आलं.

गाडी लिफ्टवर चढवतात. खालची सपाट आवरणं, मागचा बंपर आणि सायलेन्सर काढतात. कूलंट आणि ऑइल रिकामं करतात. वायरिंगचे मोठे कनेक्टर, इंधनाच्या नळ्या, क्लचची हायड्रॉलिक लाइन, गिअरचा रॉड आणि थ्रॉटल केबल एकेक करून सोडवतात. मग इंजिन, गिअरबॉक्स आणि मागची सबफ्रेम हा सगळा गठ्ठा खाली टेबलावर टेकवतात, सबफ्रेमचे बोल्ट काढतात आणि गाडीच वर उचलून घेतात. परत बसवताना हाच क्रम उलटा. शिवाय कूलंट भरून त्यातली हवा पूर्ण काढावी लागते. त्यात घाई केली तर इंजिन गरम होतं.

काढणं, बसवणं आणि मधलं नेहमीचं काम मिळून ३० ते ४० तास धरावेत. तासाला २०० डॉलर दर असला तर ३५ तासांचे ७,००० डॉलर नुसत्या मजुरीचे होतात. बेल्ट, बेअरिंग, सील, गॅस्केट, प्लग, फिल्टर, ऑइल आणि कूलंट धरून एकूण बिल ८,००० ते १५,००० डॉलरच्या मध्ये येतं. हा पल्ला एवढा मोठा का, तर इंजिन खाली आल्यावर काय सापडतं, त्यावर सगळं अवलंबून असतं.

बेल्ट: किलोमीटरपेक्षा वय पाहा

दोन बेल्ट आहेत, दर बँकला (म्हणजे व्ही८च्या चार सिलिंडरांच्या एकेका बाजूला) एक. बेल्ट तुटला किंवा दात चुकला की कॅमशाफ्ट थांबतो, पिस्टन चालूच राहतात आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात. अशा इंजिनात ४० व्हॉल्व्ह आहेत हे लक्षात घेतलं तर पुढचं बिल केवढं असेल ते वेगळं सांगायला नको. म्हणून बेल्ट तीन ते पाच वर्षांनी बदलण्याची पद्धत आहे, गाडी कितीही कमी चालली असली तरी.

‘गाडी वर्षाला हजार किलोमीटरसुद्धा चालत नाही, बेल्ट नवेच आहेत’ असं विकणारा सांगतो तेव्हा तो खोटं बोलत असेल असं नाही. पण रबर काळानंही कडक होतं, आणि महिनोन्‌महिने एकाच ठिकाणी वाकून बसलेला बेल्ट तिथेच अशक्त होतो. त्याहून मोठा धोका टेन्शनरच्या बेअरिंगचा. त्यातलं ग्रीस सुकतं, बेअरिंग जाम होतं आणि धडधाकट बेल्टही घेऊन जातं. त्यामुळे बिलात फक्त ‘टायमिंग बेल्ट’ लिहिलेलं असेल आणि बेअरिंगचा उल्लेख नसेल, तर ते काम अर्धवट समजावं.

आणखी एक फरक बिलातच दिसतो. नवे बेल्ट बसवल्यावर चारही कॅमशाफ्टचं टायमिंग डिग्री व्हील आणि डायल गेज लावून मोजणं ही योग्य पद्धत. बरीच गॅरेजं जुन्या खुणा जुळवून मोकळी होतात. खुणा आधीपासूनच थोड्या सरकलेल्या असतील तर इंजिन चालतं, पण एक बँक दुसरीपेक्षा मंद राहते. ज्याला ही गाडी मनापासून हवी आहे त्यानं मोजून घेण्याचे जादा तास जरूर द्यावेत. तिचा सगळा जीव वरच्या आरपीएममध्ये आहे, आणि टायमिंग चुकलं की पहिल्यांदा तोच जातो.

इंजिन खाली असताना काय उरकून घ्यावं

इथे कंजूषपणा करू नये. २० डॉलरचं सील आज वाचवलं आणि ते वर्षभरात गळायला लागलं, तर पुन्हा हजारो डॉलरची मजुरी पडते. कॅमशाफ्टची आणि क्रँकची पुढची सील, व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट, व्ही८च्या दरीतल्या आणि पुढच्या बाजूच्या कूलंटच्या होज, वॉटर पंपची सील, इंजिन माउंट आणि बाहेरचे बेल्ट हे सगळं याच वेळी बघायचं. विशेषतः होज. इतक्या वर्षांची मूळ रबरी होज बाहेरून चांगली दिसते, पण दाबली की आतून फुगलेली किंवा करकरीत झालेली कळते. पूर्ण संच सिलिकॉनमध्ये मिळतो आणि काही शे डॉलरमध्ये हा विषय संपतो.

इंधनाच्या होजकडे वेगळं लक्ष द्यावं. या मॉडेलसाठी २००९मध्ये अमेरिकेत रिकॉल निघालं होतं. होजचा क्लॅम्प इंधनाच्या नळीवर घासून गळती होण्याचा आणि त्यातून आग लागण्याचा धोका होता. ते काम त्या गाडीवर झालं आहे का, हे चेसिस क्रमांकावरून डीलरकडून कळतं. झालेलं असलं तरी इंजिन खाली असताना प्रत्येक क्लॅम्पच्या स्क्रूचं तोंड कुठे आहे आणि ते कशाला टेकतंय का, हे टॉर्च लावून पाहून घ्यावं. त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड: जिथून दुखणं पसरतं

एफ३५५च्या दोषांमध्ये सगळ्यात आधी तडकलेले मॅनिफोल्ड समजून घ्यावेत, कारण त्यातून बाकीचे दोन-तीन दोष जन्माला येतात. सिलिंडरांतून निघणारा एक्झॉस्ट एकत्र करणारा चार पातळ नळ्यांचा एक मॅनिफोल्ड दर बँकला आहे आणि त्याभोवती पत्र्याचं उष्णतारोधक कवच आहे. उष्णता आत कोंडून राहते. नळ्या पातळ, त्या दर वेळी लालबुंद होतात, मग थंड होतात. काही वर्षांत वेल्डच्या कडेला किंवा चार नळ्या एकत्र येतात तिथे चीर पडते. ती कवचाखाली असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही.

कानांना मात्र कळते. थंड इंजिन सुरू केल्यावर एका बाजूनं बारीक टिक-टिक येते, ॲक्सिलरेटर दाबला की तिचा वेग वाढतो आणि दोन-चार मिनिटांत ती कमी होते किंवा थांबते. धातू तापून फुगला की चीर मिटते, म्हणून आवाज जातो. याच कारणानं गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन पूर्ण थंड असलं पाहिजे. पोचल्याबरोबर इंजिनच्या झाकणाला हात लावून बघा. गरम असेल तर दुसऱ्या दिवसाची वेळ मागा.

आता साखळी बघू. चिरेतून एक्झॉस्ट बाहेर येतो तसा दोन स्पंदांच्या मध्ये बाहेरची हवा आतही ओढली जाते. पुढे ऑक्सिजन सेन्सर आहे. त्याला जादा ऑक्सिजन दिसतो आणि तो ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) ‘मिश्रण पातळ आहे’, म्हणजे पेट्रोल कमी आहे, असं कळवतो. ईसीयू पेट्रोल वाढवतो. मिश्रण मुळात ठीकच होतं, त्यामुळे हे वाढीव पेट्रोल अर्धवट जळून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्ट स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जातं आणि तिथे जळतं. कन्व्हर्टर जास्त तापतो, आतली जाळी वितळते, एक्झॉस्टचा रस्ता अडतो. अडलेला एक्झॉस्ट इंजिनाची उष्णता आणखी वाढवतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह व त्यांचे गाइड त्या उष्णतेत भाजून निघतात. सुरुवात एका चिरेनं झाली आणि शेवट सिलिंडर हेडपर्यंत (सिलिंडरच्या डोक्यावरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागापर्यंत) पोचला. टिक-टिक ऐकून ‘सगळ्या ३५५ असाच आवाज करतात’ म्हणत वर्षभर गाडी फिरवणारा माणूस ही साखळी स्वतःच पूर्ण करत असतो.

उपाय तीन. कंपनीचे नवे मॅनिफोल्ड महाग, आणि रचना तीच असल्यामुळे ते पुन्हा तडकू शकतात. जुने मॅनिफोल्ड उघडून जाड स्टेनलेस किंवा इन्कोनेलच्या (उष्णता सोसणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूच्या) नळ्या वेल्ड करून घेणं हा चांगला मार्ग. त्याला दर बाजूला १,५०० ते २,५०० डॉलर लागतात. तिसरा, बाजारातले जाड नळ्यांचे तयार संच. ते टिकतात, पण मूळ कवच नसेल तर इंजिनच्या खोलीतली उष्णता वाढते, म्हणून त्यावर सिरॅमिक कोटिंग किंवा दर्जेदार गुंडाळी असलीच पाहिजे. दोन्ही बाजू आणि मजुरी धरून ४,००० ते ७,००० डॉलर हाताशी ठेवावेत. इंजिन आधीच खाली असेल तर मजुरीचा मोठा भाग वाचतो. एकच बाजू तडकलेली असली तरी दोन्ही करून घ्याव्यात, कारण दुसरीनंही तेवढीच वर्षं आणि तेवढीच उष्णता सोसलेली असते.

व्हॉल्व्ह गाइड: घाबरण्याआधी मोजा

या गाडीच्या नावाशी सगळ्यात जास्त चिकटलेला दोष म्हणजे व्हॉल्व्ह गाइड. गाइड म्हणजे ज्या नळीत व्हॉल्व्हची दांडी वर-खाली सरकते ती. बहुतेक ३५५मध्ये हे गाइड ब्राँझच्या मऊ मिश्रधातूचे होते आणि काही इंजिनांत ते फार लवकर झिजले. उत्पादनाच्या शेवटच्या काळात कंपनीनं कडक सिंटर्ड स्टीलचे गाइड वापरायला सुरुवात केली. गाइड झिजला की दांडी डगमगते, व्हॉल्व्ह आपल्या सीटवर सरळ बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. दांडीच्या कडेनं ऑइलही खाली उतरतं.

याची लक्षणं अशी: ऑइल वारंवार भरावं लागतं. लांब उतारावर पाय सोडून गाडी आणली आणि मग एकदम ॲक्सिलरेटर दिला की मागे निळसर धूर दिसतो. एखाद्या सिलिंडरमध्ये मिसफायर येतो. पण यातली कुठलीच खूण निर्णायक नाही. निर्णय द्यायचा तो लीक-डाउन टेस्टनं.

ही टेस्ट कशी होते हे गिऱ्हाइकाला माहीत असावं. इंजिन गरम करून सगळे प्लग काढतात. एकेक सिलिंडर घेऊन त्याचा पिस्टन अगदी वरच्या टोकाला, दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह बंद असतील अशा स्थितीत आणतात. प्लगच्या भोकातून ठरावीक दाबाची हवा आत सोडतात. दोन गेज असतात: एकावर आत जाणारा दाब, दुसऱ्यावर आत टिकलेला. फरक टक्क्यांत मोजतात. पाच टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. दहाच्या वर गेला तर कारण शोधायचं. हवा कुठून निसटते ते कान लावून कळतं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टन रिंग, आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. आठही सिलिंडरचे आकडे लेखी घ्यावेत. सात सिलिंडर तीन टक्क्यांवर आणि एक अठरावर असेल, तर सरासरी चांगली निघते म्हणून समाधान मानू नये.

गाइड खरंच गेले असतील तर दोन्ही हेड काढून मशीन शॉपमध्ये जातात. २४ इनलेट आणि १६ एक्झॉस्ट असे ४० गाइड दाबून काढायचे, नवे बसवून रीमर फिरवायचा, सीट पुन्हा कापायच्या, लागतील ते व्हॉल्व्ह आणि सगळी सील नवी घालायची. इंजिन उतरवण्याच्या खर्चावर आणखी १०,००० ते १५,००० डॉलर यात जातात. एक्झॉस्टचे गाइड आधी झिजतात म्हणून तेवढेच बदलणारे लोक आहेत, पण हेड टेबलावर असताना २४ जुने गाइड आत ठेवणं पटत नाही.

मात्र उलट टोकही गाठू नये. इंटरनेटवर वाचून, टेस्ट न करता, ‘आज ना उद्या जाणारच’ म्हणून चांगली हेड उघडू नयेत. मॅनिफोल्ड धड असलेली, ऑइल गरम झाल्याशिवाय ४,०००च्या वर न फिरवलेली ब्राँझ गाइडची इंजिनं आजही निरोगी आकडे दाखवतात. दर मोठ्या सर्व्हिसच्या वेळी लीक-डाउन करून आकडे जपून ठेवावेत. दोन नोंदींमधला फरक हाच खरा निदान सांगतो.

‘स्लो डाउन’ दिवा

डॅशबोर्डवर ‘स्लो डाउन’ असा दिवा आहे, तो कन्व्हर्टरच्या तापमानाचा. तो लागला की पाय सोडायचा. हा दिवा खोटाही लागतो. तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल दोन छोट्या ईसीयूंमधून जातो, बँकला एक, आणि उष्णतेनं त्या खराब होतात. निदान सोपं आहे. डाव्या-उजव्या ईसीयूंची अदलाबदल करा. इशारा दुसऱ्या बँकवर गेला तर ईसीयू खराब, त्याच बँकवर राहिला तर सेन्सर, वायर किंवा खरोखरची उष्णता. ईसीयू ३०० ते ५०० डॉलरला येते. फक्त एक पथ्य पाळावं. अदलाबदल करून पाहिल्याशिवाय ‘या गाड्यांना असं होतंच’ म्हणून दिवा काढून टाकू नये. कन्व्हर्टर खरंच पेटलेला असेल तर मागच्या भागाला आग लागते.

१९९४-९५च्या गाड्यांमध्ये बॉशची मोट्रॉनिक २.७ प्रणाली आहे, तिला दोन एअरफ्लो सेन्सर आणि इंजिनाचे दोन ईसीयू. १९९६पासून मोट्रॉनिक ५.२ आली, इंजिनाचा एकच ईसीयू आणि ओबीडी-२ सॉकेट (दोष वाचायचं यंत्र जोडण्याची जागा) असलेली. आधीची अधिक तडफदार म्हणून शौकीन तिच्यामागे असतात. दोष शोधायला मात्र नंतरची कितीतरी सोपी, आणि रोजच्या वापराला तीच घ्यावी.

क्लच, गिअर आणि एफ१

क्लचच्या बाबतीत मात्र बातमी चांगली आहे. तो गिअरबॉक्सच्या अगदी मागच्या टोकाला आहे, त्यामुळे इंजिन न उतरवता बदलता येतो. २,५०० ते ४,००० डॉलर. फ्लायव्हीलच्या आत ग्रीस भरलेलं असतं, सील जुनी झाली की ते बाहेर येऊन क्लच प्लेटवर उडतं. क्लच उघडलाच तर फ्लायव्हीलही साफ करून नव्या ग्रीसनं भरून घ्यावा. थंडीत दुसरा गिअर अडकतो, तो दोष समजू नये. ऑइल गरम होईपर्यंत पहिल्यातून हळूच तिसऱ्यात न्यावं. जबरदस्ती केली तर सिंक्रोनायझर (गिअरचा वेग जुळवणारा भाग) झिजतो आणि ते दुखणं खरं होतं.

१९९७मध्ये आलेल्या, ‘एफ१’ नावाच्या गिअर यंत्रणेच्या ३५५मध्ये हाच मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, फक्त क्लच आणि गिअर हायड्रॉलिक दाबानं हलतात. दाब तयार करतो इलेक्ट्रिक पंप, साठवतो ॲक्युम्युलेटर. ॲक्युम्युलेटर म्हातारा झाला की दाब टिकत नाही, पंप पुन्हा पुन्हा चालतो आणि जळतो. कधी पंपाचा रिले (पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आतून चिकटतो आणि पंप बंदच होत नाही. रिले स्वस्त आहे, पंप हजार डॉलरच्या वर. म्हणून रिले काही वर्षांनी नुसताच बदलून टाकावा. चावी फिरवून, इंजिन सुरू न करता गिअर बदलत कान द्या. प्रत्येक गिअरला पंप सुरू होत असेल तर ॲक्युम्युलेटर संपला आहे.

लहान दुखणी

आतली बटणं आणि एसीच्या जाळ्या चिकट होतात, कारण त्यांच्यावरचा रबरी लेप विरघळतो. स्पिरिटनं पुसून काळा रंग देणं हे घरी करता येतं, पण बटणांवरची अक्षरं जातात. अक्षरांसकट नीट करून घ्यायला पूर्ण संचाला हजार-दीड हजार डॉलर पडतात. डॅशबोर्डचं लेदर उन्हानं आकसतं आणि काचेच्या कडेनं सुटतं. लवकर पकडलं तर पुन्हा ताणून चिकटवता येतं.

शॉक ॲब्सॉर्बर इलेक्ट्रॉनिक आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर छोटी मोटर असते, तिच्या आतला प्लास्टिकचा दातेरी गिअर तुटतो आणि सस्पेन्शनचा दिवा लागतो. बरेच डीलर अख्खी मोटर बदलतात. नुसता गिअर बदलणारे कारागीर आहेत, खर्च एक-दशांशावर येतो. चाकांचे बॉल जॉइंट कंपनी विशबोनसकट (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यासकट) विकते. स्वतंत्र उत्पादकांचे सुटे जॉइंट घ्यावेत. चाकं मॅग्नेशियमची आहेत, रंग उडाला तिथे पांढरी भुकटी धरते, तेव्हा वेळेवर रंगवून घ्यावीत. टायर पुढे २२५/४० झेडआर १८, मागे २६५/४० झेडआर १८. नक्षी पूर्ण असली तरी बाजूवरच्या तारखेनं सहा-सात वर्षं ओलांडली असतील तर बदलायचे.

स्पायडरचं हुड उघडताना आसनं आपोआप पुढे सरकतात, आणि आसन कुठे आहे हे सांगणारे सेन्सर बिघडले की हुड अर्ध्यात थांबतं. हायड्रॉलिक सिलिंडर गळतात. मागची खिडकी प्लास्टिकची, घडी पडली की तिथेच चिरते. हुड चालवण्यात मजा असली तरी ते हातानं आधार देत सावकाश मिटवावं.

बर्लिनेटा आणि जीटीएसच्या छतापासून मागे उतरणाऱ्या दोन पाखांच्या तळाशी रंगाखाली फोड दिसतात का बघावं. तिथे पत्र्यात गंज धरतो. फोड छोटा दिसला तरी पत्रा कापून, जोडून, मागचा सगळा भाग रंगवावा लागतो आणि बिल सहज काही हजारांत जातं.

किंमत ठरवताना

समजा दोन गाड्या समोर आहेत. एक दुसरीपेक्षा १५,००० डॉलरनं स्वस्त, पण कागद नाहीत. बेल्ट कधी बदलले कळत नाही, म्हणजे इंजिन उतरवणं ठरलं: १२,०००. थंडीत टिक-टिक येते: मॅनिफोल्ड, इंजिन खालीच असल्यामुळे ४,०००. होज, सील, माउंट: १,०००. टायर दहा वर्षांचे: १,२००. चिकट बटणं आणि एक सस्पेन्शन मोटर: १,५००. झाले १९,७००. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच, आणि अजून हेड उघडलेली नाहीत.

कागद असलेल्या गाडीची बिलंही नुसती मोजू नका, वाचा. बेअरिंगचं नाव आहे का, कॅम टायमिंग मोजलं का, मॅनिफोल्ड कधी आणि कशाच्या नळ्यांनी बांधले, लीक-डाउनचे आठ आकडे आहेत का. विकणाऱ्यानं टेस्ट करायला नकार दिला तर तो नकारच उत्तर समजावा. टेस्ट आणि पूर्ण तपासणीला ५०० ते १,००० डॉलर लागतात. तो खर्च घेणाऱ्यानं करायचा, आणि गॅरेज विकणाऱ्याच्या ओळखीतलं नको. अहवाल हातात पडेपर्यंत बयाणा द्यायचा नाही.